राजेंद्रनगरचा वाघ्या : ‘चावरा’ ठरलेल्या कुत्र्याचं प्रकरण

वाघ्या हा फिक्या पिवळ्या रंगाचा लॅब्रॅडॉर नर. कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्यांना वागणं शिकवायचं माझं काम; प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा वाघ्याचं वय आठ महिने, वजन २७ किलो. घर इंदूरच्या राजेंद्रनगरातलं, तळमजल्याचं. पुढे ओटला, मागे फरशी घातलेलं अंगण. घरात पाच माणसं : सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा थोरला मुलगा, सूनबाई, अकरा वर्षांचा नातू आणि आजींचा धाकटा मुलगा, ज्याला नातवाच्या तोंडून ऐकून ऐकून सगळी गल्लीच काका म्हणते. फोन सूनबाईंचा होता. “ताई, कुत्रा चावरा झालाय. सिमरोलकडे ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे सोडून यायचं ठरतंय. पोरगा नीट जेवत नाहीये, म्हणून म्हटलं आधी तुम्ही एकदा बघून घ्या.”

शेतावर सोडणं हा उपाय मला कधीच पटलेला नाही. घरात, माणसांत वाढलेला लॅब्रॅडॉर तिथे जाऊन राखण करत नाही. त्याला साखळीने बांधून ठेवतात. तो कंटाळतो, माणसाला आसुसतो, अंगावर यायला लागतो, आणि एक दिवस शेतावरच्या कुणाचं तरी लहान मूल त्याच्या टप्प्यात जातं. घरातला प्रश्न असा दुसऱ्याच्या पोरावर ढकलू नये. शिवाय इथे चावरेपणा होता का, हेच अजून कुणी तपासलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी

जुलैचा पाऊस लागून राहिला होता आणि वाघ्याचं फिरणं काही दिवस बंदच होतं. संध्याकाळी उघडीप मिळाली तशी नातू आणि त्याचे मित्र गल्लीत पकडापकडी खेळायला उतरले. ओटल्यावर बांधलेल्या वाघ्याची साखळी सुटली आणि तो थेट नातवावर झेपावला. बाही आणि तिच्या आतला दंड तोंडात धरून ओढायला लागला. मुलगा पडला, किंचाळला, लाथा झाडायला लागला. तो जितका ओरडे तितका वाघ्या जास्त ओढे. आजी धावत आल्या, त्यांनी गळ्यातला पट्टा वरून पकडला; तेवढ्यात पदर वाघ्याच्या तोंडात गेला आणि टर्रकन फाटला. मग काका आले आणि त्यांनी चपलेने दोन फटके दिले. तेव्हा वाघ्या जमिनीला चिकटला, कान मागे गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो घरच्या माणसावर गुरगुरला. घराच्या दृष्टीने तिथे निकाल लागला.

मुलाच्या दंडावर दोन निळे डाग आणि एक ओरखडा होता, कातडी जेमतेम खरचटलेली. सूनबाईंनी लगेच नळाखाली साबणाने जखम चांगली पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच रात्री डॉक्टरकडे नेऊन रेबीजची लस सुरू केली. त्यांनी केलं ते अगदी बरोबर केलं. कुत्रा घरचा आहे, त्याला लस टोचलेली आहे, म्हणून माणसाच्या जखमेकडे काणाडोळा करणारी घरं मी पाहते. दात लागून कातडी खरचटली तर आधी साबण-पाणी आणि मग डॉक्टर. लस हवी की नको हे डॉक्टर ठरवतात.

चाव्याची तीव्रता मोजायला ब्रिटिश पशुवैद्य इयन डनबार यांची सहा पायऱ्यांची पट्टी आम्ही सर्रास वापरतो. पहिल्या पायरीत दात अंगाला लागतच नाहीत. दुसरीत लागतात पण रुतत नाहीत, ओरखडा तेवढा उठतो. तिसरीत एका चाव्यात एक ते चार छिद्रं पडतात, सुळ्याच्या निम्म्याहून कमी खोल. चौथीत त्याहून खोल. पुढच्या पायऱ्या इथे सांगायची गरज नाही. वाघ्याचा चावा दुसऱ्या पायरीवरचा. पूर्ण वाढलेले ४२ दात तोंडात असलेल्या, २७ किलोच्या कुत्र्याने अर्धं मिनिट दंड धरून ठेवला आणि एकही छिद्र पडलं नाही. म्हणजे जबड्याचा जोर त्याने आवरून धरला होता. मूल पडलं, घाबरलं ही गोष्ट गंभीरच आहे, ती मी कुठेही हलकी करत नाही. पण रागाने चावलेल्या कुत्र्याच्या खुणा वेगळ्या असतात.

पहिल्या भेटीआधीच मी त्याला पशुवैद्याकडून तपासून आणायला सांगितलं होतं. कान दुखत असेल, गोचिडांचा ताप असेल, मागच्या पायाच्या सांध्यात दुखत असेल तर शिकवणीच्या आधी औषध लागतं. तपासणीत काही निघालं नाही.

पाच आठवड्यांचं पिल्लू आणि काकांची कुस्ती

वाघ्याला घरी आणलं तेव्हा तो पाच आठवड्यांचा होता. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. ती मनाई उगाच घातलेली नाही. अमेरिकेत बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून पाहिली. १९६५ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष आजही पाया मानला जातो. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू आपलं कोण, परकं कोण, कुणाशी कसं वागायचं हे शिकतं. त्याच काळात एका वेतातली पिल्लं दिवसभर एकमेकांना चावत असतात. जोरात चावलं की भावंडं केकाटतात आणि खेळ सोडून निघून जातात. आईच्या सडाला दात रुतला की आई उठून जाते. किती जोर चालतो याचा अंदाज पिल्लाच्या जबड्यात असा बसतो. वाघ्याची ही शाळा अर्धी राहिली.

उरलेली शाळा घरी झाली, आणि तिचे मास्तर होते काका. इंदुरात तालमींचं वेड जुनं आहे. काकाही रोज व्यायामाला जातात, आणि वाघ्याशी त्यांचा खेळ म्हणजे कुस्ती. दोन्ही तळव्यांनी तोंडावर चापट्या मारायच्या, लोळवायचं, मनगट त्याच्या जबड्यात द्यायचं, तो चेकाळला की आणखी डिवचायचं. पिल्लू चार किलोचं असताना सगळ्या घराने या कुस्त्यांचे व्हिडिओ काढले होते. काकांनी मला ते मोठ्या कौतुकाने दाखवले आणि मला ते फार उपयोगी पडले. एकाही व्हिडिओत खेळ माणसाने थांबवलेला नाही. तो प्रत्येक वेळी वाघ्या दमला म्हणून थांबला होता.

बाकीच्यांचं वागणं पाहायला मी ओटल्यावर बसून राहिले. आजी “हाड, हाड” करत दोन्ही हातांनी त्याला ढकलतात. त्याच्या लेखी काकाही हेच करतात, म्हणजे या कुस्तीला या. नातू पळतो आणि किंचाळतो, आणि पळणारं-किंचाळणारं काही दिसलं की आठ महिन्यांचा कुत्रा त्याच्या मागे लागणारच. सूनबाई त्याला बाजूला करायला बिस्कीट फेकतात. पदर ओढला की बिस्कीट मिळतं, एवढं त्याने चोख पाठ केलं होतं. थोरला मुलगा संध्याकाळी दमून येतो आणि तो अंगावर उडी मारतो तेव्हा त्याचं डोकं कुरवाळतो.

एकदा भिरभिरायला लागला की वाघ्या रात्री दहापर्यंत निजत नाही, असंही सांगितलं गेलं. दुपारी तो कुठे झोपतो, असं विचारल्यावर कळलं की त्याला जागाच नाही. हॉलमध्ये येणाराजाणारा प्रत्येक जण त्याला हाक मारून उठवतो. या वयाच्या कुत्र्याला दिवसाचे निदान चौदा-सोळा तास झोप लागते. झोपेला आलेलं लहान मूल किरकिर करतं, तसं झोप न झालेलं जवान कुत्रं दातावर येतं. सूनबाईंनी आठवून सांगितलेले बहुतेक प्रसंग संध्याकाळी सात ते आठमधले होते.

मधला एक उपद्रव

जूनमध्ये एका शिकवणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने सांगितलं, कुत्रा तुम्हाला मालक मानत नाही. त्याला उताणा पाडा, गळ्यावर हात ठेवून दाबून धरा, ढिला पडला की सोडा. काकांनी ते इमानेइतबारे केलं.

या कल्पनेचं मूळ १९४७ सालचं आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं होतं, आणि त्यावरून कळपात वर चढण्यासाठी सतत झुंज चालते असा समज पसरला. ज्यांच्या लिखाणातून हा समज जगभर गेला त्या एल. डेव्हिड मीच यांनीच पुढे कॅनडाच्या एल्समिर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे कुणी गादीसाठी भांडत नसतं. तरीही दाबून धरायची शिकवण चालूच आहे आणि तिचे परिणाम मला घरोघर निस्तरावे लागतात.

वाघ्याच्या बाबतीत परिणाम डोळ्यांना दिसत होता. मी त्याच्या बाजूला बसले, हनुवटीखाली खाजवलं, तो सैल होता. काकांनी सहज वरून पट्ट्याकडे हात नेला. वाघ्याचं तोंड, जे तोवर उघडं होतं, मिटलं. मान न वळवता त्याने डोळे फिरवले, कडेला पांढरा भाग दिसला. जिभेचं टोक नाकावरून एकदा फिरलं. मग सगळं अंग थिजलं. हे सगळं घडायला एक जांभई देण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. गुरगुरण्याच्या आधी कुत्रा इतकं सांगत असतो, आणि घरात ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

म्हणजे इथे दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांना चिकटले होते. बाही-पदर ओढणं हा बेताल खेळ होता. गुरगुरणं ही भीती होती : वरून आलेला हात, पट्ट्यावरची पकड, आणि त्यावर चप्पल. घराने दोन्हींची बेरीज करून एकच नाव दिलं.

भुरी

गल्लीत भुरी नावाची एक कुत्री आहे. रस्त्यावरची, चारेक वर्षांची, नसबंदी झालेली, कानाला खूण असलेली. गल्लीच तिला खाऊ घालते. चार महिन्यांचा असल्यापासून वाघ्या तिच्याशी खेळत होता. जुलैच्या प्रसंगानंतर घराने ते बंद केलं, कारण “त्यांचा खेळ बघवत नाही, मारामारीच असते, तिथेच तो बिघडला.” मला तो खेळ बघायचाच होता. भुरीला रेबीजची लस दिल्याचं गल्लीतून पक्कं केलं, वाघ्याला गोचिडांचं औषध लावलेलं होतंच. एका सकाळी, गर्दी नसताना, मागच्या मोकळ्या मैदानात त्याला छातीपट्टा आणि लांब दोरी घालून नेलं. सूनबाई आणि नातू माझ्याबरोबर होते.

भुरी दिसताच वाघ्या सरळ धावला नाही, वळसा घेऊन गेला. काही पावलांवर थांबला, पुढचे दोन्ही पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवले, ढुंगण वर, शेपूट सैल. भुरीने बघितलं न बघितलंसं केलं, मग एकदम पळाली. तो मागे. वळणावर ती थांबली, तर आता तो पुढे आणि ती मागे. तिने त्याची मान धरली, तो आपणहून उताणा पडला. तिच्या दुप्पट वजनाचा असून. आवाज भयंकर होता, गुरगुर, दातांची खटखट. सूनबाई माझा हात धरून उभ्या होत्या. मग वाघ्या वर आला आणि त्याने तिच्या मानेची कातडी जरा जास्त जोरात दाबली. भुरी एकदाच “क्यांव” करून वळली आणि पुतळ्यासारखी उभी राहिली. वाघ्याने तोंड काढलं. एक पाऊल मागे सरकला, आंघोळीनंतर झटकतात तसं अंग झटकलं, गवत हुंगलं, आणि पुन्हा पुढचे पाय टेकवून वाकला. भुरी आली, खेळ पुढे सुरू.

कोलोरॅडो विद्यापीठातले मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. हे वाकणं कुत्री खेळात वाटेल तिथे करत नाहीत. मान धरून झटके देण्यासारखी, सहज चुकीची समजली जाईल अशी हालचाल करण्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर ते वाकणं येतं; पुढचं किंवा मागचं सगळं खेळातलं आहे, हे समोरच्याला सांगण्यासाठी.

मग मी एक साधी परीक्षा घेतली. दोघांत जो दांडगा वाटतो त्याला धरून ठेवायचं आणि दुसऱ्याला मोकळं सोडायचं. त्रास होत असेल तर दुसरा निघून जातो. मी वाघ्याला दोरीने जवळ घेतलं. भुरी चार पावलं गेली, मागे वळली, परत आली आणि त्याच्या तोंडावर पंजा मारून उभी राहिली.

“मग मारामारी असली तर कशी ओळखायची?” नातवाने विचारलं. प्रश्न फार चांगला होता. खेळात अंग सैल आणि वळणदार असतं, तोंड उघडं असतं, उड्या उगाच मोठ्या असतात, आणि मध्येमध्ये विराम येतात. भूमिका बदलतात, जरी दर वेळी निम्म्या-निम्म्या नाही; बार्बरा स्मट्स आणि एरिका बाऊअर यांच्या २००७ च्या अभ्यासातही सगळ्या जोड्यांत समसमान अदलाबदल दिसली नव्हती. भांडणाच्या आधी मात्र सगळं ताठ होतं. नजर एका जागी खिळते, शेपूट उंच आणि कडक, तोंड मिटलेलं, आणि आवाज बहुधा एकदम बंद. ती शांतता दिसली की कुत्र्यांच्या मधे हात न घालता दोघांना दोरीने लांब घ्यायचं.

माझ्यासाठी प्रकरण इथे उलगडलं. वाघ्याला थांबता येत होतं. पाच आठवड्यांच्या वयात तुटलेली शाळा भुरीने पुरी करून घेतली होती, आणि घराने तिलाच दोषी धरलं होतं. भुरी थांबते तेव्हा तिचं सगळं अंग थांबतं. घरात मात्र कुणीच थांबत नव्हतं. सगळे ढकलत, ओरडत, पळत होते, म्हणजे त्याच्या भाषेत खेळतच होते.

घरासाठी ठरलेली रीत

सगळ्यांना ओटल्यावर बसवून आधी एकच नियम पक्का केला. दात कातडीला किंवा कपड्याला लागले की त्या क्षणी खेळ संपला. हात छातीशी बांधायचे, बोलायचं नाही, त्याच्याकडे पाहायचं नाही, शांतपणे दाराआड जायचं आणि दार लावायचं. अर्ध्या मिनिटाने परत यायचं. जास्त वेळ गेला तर दाराआड जाणं आणि दात लावणं यांची सांगड त्याच्या डोक्यात राहत नाही. काही पिल्लांना माणसाचं केकाटणं कळतं, म्हणून बरेच जण तसं ओरडायला सांगतात. या घरात किंचाळण्यानेच तो पेटत होता, म्हणून ओरडणं पूर्ण बंद.

काकांची कुस्ती बंद झाली, पण काकांशी खेळ बंद करणं मला मंजूर नव्हतं. वाघ्याचं सगळ्यात जास्त प्रेम त्यांच्यावर आहे. त्यांना रस्सीखेच दिली. आजी जुन्या सुती साडीची जाड वेणी घालून द्यायला तयार होत्या. ती मी नको म्हटली, कारण साडीचा पोत आणि वास त्याच्या तोंडाला खेळणं म्हणून बसला असता, तर पुढचा पदर कुणाचा? बाजारातून हातभर लांबीचा जाड दोर आणला. काकांची शंका होती, “दोरी ओढू दिली की हा डोक्यावर बसेल.” साउदॅम्प्टन विद्यापीठात निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरांवर हेच तपासलं होतं, २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ओढाओढीत कुत्र्याला जिंकू दिलं म्हणून तो माणसावर कुरघोडी करायला लागला, असं त्यात दिसलं नाही.

रस्सीखेच अशी : “घे” म्हटलं की सुरू. दहा-पंधरा सेकंद ओढायचं, खाली आणि आडवं. वर हिसके दिले तर मानेला दुखापत होते. मग काकांनी दोर गुडघ्याशी घट्ट धरून दगड व्हायचं. मेलेल्या दोरात वाघ्याला गंमत उरत नाही, तो तोंड सैल करतो. सुटला त्या क्षणी “सोड” म्हणायचं आणि लगेच पुन्हा “घे.” सोडलं की खेळ परत मिळतो, हे एकदा कळलं की कुत्रा सोडायला शिकतो, तोंडात बोटं घालून जबडा उघडावा लागत नाही. पुढे “सोड” आणि “घे” यांच्यामध्ये बसणं घातलं. खेळ, थांबा, बसणं, खेळ : भुरीच्या खेळाचाच साचा.

आजींना शिकवणीत घेण्याला घरातून विरोध होता, त्या पडतील म्हणून. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पदर खोचलेला, समोर चटई, हातात पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे (घर शाकाहारी आहे, तेवढं त्याच्या जेवणातून कमी केलं). तुकडा नाकापासून डोक्यावरून मागे न्यायचा, मान वर जाते, ढुंगण आपोआप खाली बसतं. बसलं की द्यायचं. आजी या कामात घरातल्या सगळ्यांपेक्षा सरस निघाल्या. त्यांचा हात संथ चालतो, आवाज खालचा आहे, आणि घाई त्यांना कशाचीच नाही. वाघ्या इतका एकटक मी दुसऱ्या कुणाकडे पाहताना बघितला नाही. “चटई” म्हटलं की जाऊन बसायचं, हे त्यांनीच शिकवलं.

हाताची भीती घालवायचं काम वेगळं, खेळापासून लांब, शांत वेळी. हात हनुवटीखालून येतो, पट्ट्याला बोट लागतं, पनीर मिळतं. बरेच दिवस एवढंच. मग हात बाजूने, आणि तो सैल राहिला तरच वरून. काकांचा हात सगळ्यात शेवटी. गुरगुरला तर हात काढून घ्यायचा आणि त्या दिवशी एक पायरी मागे यायचं. रागवायचं मुळीच नाही. गुरगुरणं दाबून टाकलं तर तो पुढच्या वेळी इशारा न देता थेट चावायला शिकतो.

नातवाला “झाड” शिकवलं : पाय रोवायचे, हात बांधायचे, नजर स्वतःच्या पंजांवर. आधी कुत्र्याशिवाय, मित्रांसकट, गल्लीत पळता पळता मी “झाड” म्हणेन तेव्हा. मग वाघ्या दूर दोरीला असताना. मोठं माणूस जवळ नसेल तर मुलं आणि वाघ्या एकत्र नाहीत, हा नियम वेगळा, आणि त्याला अपवाद नाही.

दुपारी आतल्या खोलीत पडदा ओढून झोप. संध्याकाळी सातच्या आधी पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवलेला दहीभात; चाटता चाटता तो स्वतःच पेंगतो. सकाळचं फिरणं पावसातही, छत्री घेऊन, आणि त्याला हवं तिथे हुंगू देत. भुरीशी खेळ आठवड्यातून काही वेळा परत सुरू.

बिघडणं आणि बसणं

पहिल्या आठवड्यात तो आणखी वाईट वागला. आजवर चाललेली युक्ती चालेनाशी झाली की जनावर आधी तीच जास्त जोरात करून बघतं. काकांची एक विजार फाटली. याच टप्प्यावर बहुतेक घरं सोडून देतात, म्हणून मी हे आधीच सांगून ठेवलं होतं आणि सूनबाई रोज रात्री फोन करत होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दात लागला की फुली, एवढी नोंद त्या ठेवत. पहिल्या दिवसांच्या चौकटी फुल्यांनी भरलेल्या आहेत.

मग फुल्या कमी झाल्या, पण उड्या मारणं हटेना. शोध घेता कारण थोरल्या मुलापाशी निघालं. तो अजूनही कधीमधी, विशेषतः उशीर झाला की, उडी मारणाऱ्या वाघ्याला कुरवाळत होता. कधीतरीच मिळणारं बक्षीस सगळ्यात चिवट सवय लावतं. आता तो दारातच थांबतो, चारही पाय जमिनीवर टेकले की खाली बसून कुरवाळतो. हे सोपं नाही, माणूस दिवसभराचा थकून आलेला असतो आणि आनंदाने वेडा झालेला जीव समोर असतो. त्याने ते केलं, याचं मला खरंच कौतुक आहे.

ऑगस्टच्या मध्याला कॅलेंडरवर अख्खे कोरे दिवस दिसायला लागले.

गणपतीत घरात पाहुणे, झांजा, टाळ्या, पळणारी मुलं. आठवडाभर आधीपासून फोनवर आरती अगदी हळू लावून चटईवर पनीर, रोज आवाज थोडा वाढवत. आरतीच्या वेळी तो मागच्या खोलीत, दहीभातासह. प्रसादातले बेदाणे कुणीही द्यायचे नाहीत, हे सगळ्यांना बजावलं. बेदाण्या-द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि पाहुण्यांना ते माहीत नसतं. एका संध्याकाळी पाहुण्यांच्या पाच वर्षांच्या मुलीने कडी काढलीच. वाघ्या हॉलमध्ये आला, तिच्या परकराची किनार तोंडात धरली. मुलगी ओरडली. नातू मध्ये येऊन झाडासारखा उभा राहिला, काका जागेवरून “सोड” म्हणाले आणि वाघ्याने परकर सोडला. लगेच दोन पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारल्या, एक नॅपकिन पळवला आणि मगच आजींच्या “चटई”ला मान देऊन बसला. परकराला ओल होती, भोक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाराला मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बोल्ट बसवला.

सध्या

शेताचा विषय घरात निघत नाही. काकांचा हात वरून आला तरी वाघ्याचं तोंड उघडं राहतं. झोपेतून उठवताना मात्र अजून थिजतो, म्हणून त्याला हात लावून उठवायचं नाही, लांबून हाक मारायची. अनोळखी माणूस दारात आला की उड्या आहेतच, त्यासाठी दोरी दारामागच्या खुंटीला अडकवलेली असते. जवानीचा हा जोर वयाच्या दीड-दोन वर्षांपर्यंत राहील, तोवर नातवाचे मित्र आले की वाघ्या आतल्या खोलीत.

सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरा गाडीवर तो अजून तुटून पडतो. गाडीचा आवाज फोनवर हळू लावून चटईचा क्रम सुरू केला आहे, आणि प्रत्यक्ष गाडी येण्याच्या वेळी सूनबाई त्याला मागच्या अंगणात नेतात. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हाच क्रम नवरात्रापासून धरायचा आहे; त्याची वेळ आणि आवाजाच्या पायऱ्या आजींनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या आहेत.